वादळानंतरची मूर्खलक्षणे

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खाच्या लक्षणांनी केली आणि शेवट पढतमूर्खाच्या. यादी मोठी आहे, तरी एक मूर्ख तिच्यात आलेला नाही. वादळ ओसरताच स्वतःच्या पडवीवर कोसळलेला माड तसाच ठेवून, गावच्या वाटेवर आडवा झालेला आंबा तोडायला कुऱ्हाड घेऊन निघणारा तो मूर्ख. दासबोध शिवथरघळीत लिहिला गेला असे परंपरा मानते. ती घळ रायगड जिल्ह्यातली, महाड तालुक्यातली. त्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ३ जून २०२० नंतर हा मूर्ख गावोगाव दिसला. त्याची आणि त्याच्या जातकुळीतल्या इतरांची स्तुती इथे करायची आहे. कागदाच्या हिशेबाने ही माणसे मूर्खच ठरतात. तो हिशेब मी आहे तसाच पुढे ठेवणार आहे, आणि तरी स्तुती त्यांचीच करणार आहे.

त्या दिवशी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, म्हसळा, आणि बाणकोटच्या खाडीपलीकडे मंडणगड, दापोली, केळशी, आंजर्ले, हर्णै. मृग लागायला चार-पाच दिवस राहिले होते. घरे नुकतीच शाकारून झालेली, भाताचे बियाणे काढून ठेवलेले. कौले उडाली, पत्रे कागदासारखे दुमडून दुसऱ्याच्या आवारात गेले, विजेचे खांब ओळीने झोपले, मोबाईलचे टॉवर बंद पडले. त्यात करोनाची टाळेबंदी. मुंबईतला मुलगा मदतीला यायचा तर त्याला ई-पास हवा, आणि आल्यावर चौदा दिवस शाळेत किंवा घरातच वेगळे राहणे आले.

अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावे, हे ठरलेले आहे. पडलेल्या कशालाही हात लावू नये. मोबाईलमध्ये बॅटरी उरली असेल तर चारी बाजूंनी फोटो काढावेत. मग तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनाम्याला येईपर्यंत वाट बघावी. हा सल्ला देणारा वाईट माणूस नसतो. त्याने आधीची वादळे पाहिलेली असतात. मदत पंचनाम्यावर मिळते, आणि पंचनामा डोळ्यांना दिसणाऱ्या नुकसानीचा होतो. उचललेले झाड दिसत नाही, झाकलेले छप्पर दिसत नाही, सुकवलेले तांदूळ भिजलेले दिसत नाहीत. म्हणून तो कळकळीने सांगतो, "तात्या, भाऊसाहेब येऊन जाऊ देत, मग काय ते हलवा."

तात्या ऐकत नाहीत. ते वाटेवरच्या झाडाकडे जातात. आणि इथे नियमातली एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. भाऊसाहेबांच्या, म्हणजे तलाठ्याच्या, सजेत एकच गाव नसते, अनेक असतात, आणि ते येणार त्याच वाटेने. वाट बंद असेल तर पंचनामा होत नाही. म्हणजे ज्या गावात सगळेच शहाणे, तिथे पुरावा जसाच्या तसा शाबूत राहतो आणि तो बघायला कोणी पोचत नाही. पंचनामा व्हायला गावात निदान दहा-बारा मूर्ख असावे लागतात. ते आपल्या घरावरचे नुकसान बाजूला ठेवून सार्वजनिक रस्त्यावरची झाडे तोडतात, आणि मग त्या मोकळ्या झालेल्या रस्त्याने सरकार आत येते. शासनाच्या कोणत्याही निर्णयात या दहा-बारा जणांचा उल्लेख नाही, त्यांना मजुरी नाही आणि त्यांच्या कुऱ्हाडीच्या दांड्याची भरपाई नाही. एनडीआरएफची पथके मुख्य रस्त्यांवर आली, त्यांनी मोठे काम केले, हे खरेच. पण मुख्य रस्त्यापासून आत, वाडीपर्यंतची पाखाडी गावानेच मोकळी केली.

तलाठ्यालाही मी दोष देत नाही. त्याच्याही घराची कौले गेलेली असू शकतात. हातात छापील नमुना, वरून पाऊस, आणि प्रत्येक उंबऱ्यावर "आमच्याकडे आधी या" अशी हाक. दोष पद्धतीत आहे. वादळानंतरचे पहिले चार दिवस माणसाने काहीच न करता बसावे, याचे बक्षीस ही पद्धत देते.

घराच्या आत तर हे आणखी स्पष्ट दिसते. छप्पर उडालेल्या घरात बाई पहिल्याच संध्याकाळी काय करते ते आठवा. गाद्या-गोधड्या बाहेर काढते, फुटलेल्या कौलांचे तुकडे टोपलीत भरते, पिंपातले तांदूळ हाताने चाळून वरचे ओले आणि खालचे कोरडे वेगळे करते, बियाण्याच्या भातावर ताडपत्रीचा एक कोपरा तरी ओढते. तिच्या या कामाने घर आठवडाभर आधी राहण्यासारखे होते. आणि तिच्या याच कामाने पंचनाम्यातले नुकसान कमी दिसते. कपडे आणि भांडी यांच्या नुकसानीसाठी शासनाची वेगळी मदत असते, ती चांगली गोष्ट आहे. पण धुऊन दोरीवर टाकलेले कपडे हे वाहून गेलेले कपडे ठरत नाहीत. स्वच्छता करणारीचे नुकसान आणि काहीच न करणाऱ्याचे नुकसान यांत दुसऱ्याचे भरते. त्या बाईला हे कोणी सांगितले नाही असे नाही. सांगितले होते. तिला पोरांना त्या रात्री कोरड्या जागी निजवायचे होते.

आता खरे बोलणारा. घराची पडझड किमान १५ टक्के असल्याशिवाय आपत्ती निवारणाच्या निकषांत अंशतः नुकसानीची मदत बसत नाही. पिकाला आणि बागेला ही मर्यादा ३३ टक्क्यांची. मर्यादा कुठेतरी घालावी लागते, हे मला मान्य आहे. पण १५ टक्के म्हणजे किती, हे घरमालकाच्या सांगण्यावर आणि लिहिणाऱ्याच्या अंदाजावर ठरते. "पडवीचे चार पत्रे गेले, बाकी घर ठीक आहे," असे सांगणारा माणूस यादीबाहेर जातो. त्याला हे माहीत असते, तरी तो तसेच सांगतो, कारण शेजारच्या कातकरी वाडीत अख्खी घरे भुईसपाट झालेली त्याने सकाळीच पाहिलेली असतात. यादीतल्या जागा आणि यादीतले पैसे मोजकेच असतात, ही जाण त्याला आहे. वरच्या पातळीवर ज्यांनी वाटप करायचे, त्यांच्यापाशी ती नेहमीच असते असे नाही. असा माणूस एका गावात किती निघतो, हे मोजायला कोणताच नमुना नाही, त्यामुळे त्याची संख्या कुठल्याच अहवालात येत नाही. तो आहे एवढे मी नक्की सांगू शकतो, कारण तो नसता तर याद्या आणखी लांबल्या असत्या.

सातबाऱ्याकडे वळले की मूर्खपणाची खरी श्रीमंती दिसते. कोकणातला सातबारा म्हणजे एका आजोबांच्या नावाखाली तीन पिढ्यांचा विस्तार. दहा गुंठ्यांचे माडा-पोफळींचे आगर आणि त्यावर बारा, पंधरा, कधी वीस नावे. त्यांतले निम्मे डोंबिवली, विरार, लालबाग, पुणे इथे, काही परदेशात, काही हयात नाहीत आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. आगरात पाट वळवणारा, आळी करणारा, नारळ उतरवून घेणारा, वानरांमागे धावणारा त्यांतला एकच असतो. कागदावर त्याचा हिस्सा पंधरावा किंवा विसावा. मदत सामाईक खात्यावर यायची तर बाकीच्यांची संमतीपत्रे हवीत. २०२० च्या जून-जुलैमध्ये, लोकल बंद, एसटी बंद, जिल्हाबंदी, आणि फोनला टॉवर नाही, अशा स्थितीत या माणसाने चौदा सह्या गोळा करायच्या होत्या.

व्यवहारी माणूस अशा जमिनीत घाम गाळत नाही. विसाव्या हिश्शासाठी वीस हिश्शांची राखण कोण करील? हा प्रश्न बिनतोड आहे आणि त्याला किनाऱ्यावरच्या प्रत्येक वाडीत एका माणसाने आयुष्य घालून उत्तर दिलेले आहे. काकांनी, चुलतभावाने, कधी लग्न होऊन गावातच राहिलेल्या आत्याने. बाकीच्यांना दरवर्षी मे महिन्यात चार नारळ आणि सुपारीची पिशवी मिळते ती या मूर्खपणातून. वादळानंतर मुंबईहून जे फोन लागले, त्यांत "आगराचे काय झाले?" हा प्रश्न पहिला होता. विचारणाऱ्यांनी खंत मनापासून केली असेल. पण सही पाठवायला पुष्कळांना दिवाळी लागली.

विजेबद्दल थोडक्यात. कित्येक गावांत ती आठवड्यांनी आली, काही वाड्यांत महिन्याहून उशिरा. महावितरणची माणसे दुसऱ्या जिल्ह्यांतून आली, चिखलात राहिली, आणि खांब वाडीपर्यंत न्यायला वाहन जाईना तेव्हा गावकऱ्यांनी ते खांद्यावर वाहिले. पंप बंद म्हणून टाकीत पाणी नाही. ज्याच्याकडे जनरेटर होता तो घरोघर फिरवून टाक्या भरून देत होता. रहाट काढून टाकलेल्या विहिरींवर पुन्हा दोर आणि कळशी आली.

आता हिशेब. वादळाच्या आधी जो निकष होता त्यात बहुवार्षिक फळबागेला हेक्टरी १८,००० रुपये मिळत. राज्य शासनाने निसर्गनंतर ती रक्कम वाढवून हेक्टरी ५०,००० केली, दोन हेक्टरच्या मर्यादेत. पूर्ण पडलेल्या घराची मदत दीड लाखावर नेली. रायगडसाठी तातडीचे १०० कोटी जाहीर झाले. वाढ मोठी होती आणि ती लवकर जाहीर झाली, याचे श्रेय द्यायलाच हवे. पण किनाऱ्यावरची आगरे हेक्टरांत नाहीत, गुंठ्यांत आहेत. शंभर गुंठ्यांचा एक हेक्टर. दहा गुंठेवाल्याला जुन्या दराने १,८०० रुपये, नव्या दराने ५,०००. सुपारीच्या लागवडीचे शिफारस केलेले अंतर २.७ मीटर आहे. त्या अंतराने दहा गुंठ्यांत सुमारे १३७ पोफळी बसतात. म्हणजे जुन्या दराने एका पोफळीला १३ रुपये, नव्या दराने ३६. ओरड झाली, आणि पुढे झाडामागे दर आला: नारळाला २५०, सुपारीला ५०. दुसऱ्या वर्षी, मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले, तेव्हाही हेच दर राहिले.

पन्नास रुपयांत तेव्हा बाजारात दोन नारळ येत. पोफळ फळायला पाच ते सात वर्षे लागतात आणि भर उत्पन्नावर यायला त्याहून जास्त. बाणवली माड सहा-आठ वर्षांनी पहिला नारळ देतो आणि मग ऐंशी वर्षे देत राहतो. चांगल्या माडाच्या एका वर्षाच्या नारळांची किंमतसुद्धा त्या २५० रुपयांत बसत नाही. शिवाय आगरात झाड एकटे नसते. पोफळीवर मिरीचा वेल चढलेला असतो, माडांच्या सावलीत जायफळ असते, मध्ये केळी असतात. एक माड आडवा होतो तेव्हा तो दोन पोफळी आणि एक जायफळ घेऊन पडतो. पंचनाम्याच्या रकान्यात मिरीचा वेल शोधून सापडत नाही.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती नमुने तयार करणाऱ्यांनी आगरात येऊन पाहावी. आंब्याची फांदी मोडली तर बाजूने पालवी फुटते. माड आणि पोफळ यांना शेंड्यात एकच कोंब असतो. तो मोडला किंवा पिळवटला की झाड संपले. पण ते पडत नाही. खोड सरळ उभे राहते, झावळ्याही काही दिवस हिरव्या दिसतात. जूनमधल्या पंचनाम्यात ते "उभे झाड" असते. दिवाळीपर्यंत शेंडा वाळून खाली येतो, तेव्हा यादी मंजूर होऊन बंद झालेली असते. सावली गेल्याने वाचलेल्या पोफळींनाही उन्हाचा तडाखा बसतो, पश्चिमेकडून खोड भाजते, आणि ती झाडे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जातात. वादळ एका दुपारचे असते आणि त्यातले मरण तीन वर्षे चालते.

एवढे सगळे माहीत असताना जो आगर साफ करायला घेतो, तो या लेखाचा नायक आहे. सफाईचा खर्च मिळणाऱ्या मदतीपेक्षा जास्त येतो, हे त्याला पहिल्या दिवशी कळते. जेसीबी दाटीच्या आगरात शिरत नाही, शिरला तर उरलेली रोपे आणि पाट मोडतो. लाकूड कापायच्या यंत्रवाल्याला मागणी एवढी की तो सापडत नाही. माडाच्या खोडाला गिऱ्हाईक नाही, पोफळीच्या खोडाला तर नाहीच. गाव भरून खोडे पडलेली असताना ती फुकट नेणाराही मिळत नाही. व्यवहार सांगतो की झाडे जिथे पडली तिथेच कुजू द्यावीत, त्याचे खत होईल. ऐकायला हे पटते.

पण कुजणाऱ्या माडाच्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो. त्याच्या अळ्या त्या सडक्या लाकडात पोसतात आणि भुंगे होऊन बाहेर पडले की वाचलेल्या माडांचे शेंडे पोखरतात. उलगडलेल्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले की आगरवाल्याला कळते. जिथे तो घाव करतो तिथे मागून सोंड्या भुंगा येतो, आणि तो लहान माड आतून पोकळ करून टाकतो. म्हणजे एकाने खोडे पडून राहू दिली तर शेजारच्या चार आगरांतले माड धोक्यात. आणि उलट, एकाने स्वतःच्या खर्चाने खोडे कापून, ढीग करून, जाळून किंवा पुरून टाकली, तर फायदा पाचही जणांचा. पाचांतल्या चारांना तो फुकट मिळतो. पदरमोड करून शेजाऱ्याचे माड वाचवणाऱ्या माणसाला अर्थशास्त्रात काय म्हणतात ते त्या विषयाचे लोक सांगतील. गावात त्याला "खुळा" म्हणतात, आणि वेळ आली की त्याच्याच आवारातून झावळ्या मागून नेतात.

हे काम किती जड आहे, ते लिहिण्यात येत नाही. पावसात भिजलेले माडाचे खोड चार माणसांना हलत नाही. त्याचे तीन-तीन हातांचे तुकडे करावे लागतात. मुळांचा गड्डा खणून काढायचा तर एका माडाला दोघांचा दिवस जातो. वर पाऊस, खाली चिखल, झावळ्यांच्या दाटीत फुरसे असण्याची भीती. साठी उलटलेली नवरा-बायको हे काम करत होती, कारण हाताखाली माणूस नव्हता आणि मुलगा जिल्हाबंदीपलीकडे होता.

आणि मग, जागा मोकळी झाल्यावर, तोच माणूस तिथे पोफळीचे रोप लावतो.

यापेक्षा मोठा मूर्खपणा मला ठाऊक नाही. वय पासष्ट. रोप दीड वर्षाचे. फळ धरायला सात वर्षे धरा. त्या सात वर्षांत सावलीसाठी केळी लावायची, उन्हाळ्यात शिंपण करायचे, वानर, माकडे आणि रानडुकरे राखायची. पीक येईल तेव्हा वय बाहत्तर. दरम्यान आणखी एक वादळ येणार नाही याची हमी हवामान खाते देत नाही, आणि निसर्गनंतर अकरा-बारा महिन्यांत तौक्ते आलेही. व्याजाचा हिशेब करणारा कोणीही हे पैसे असे गुंतवणार नाही. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्या नावाने विकली जाते, ते नाव अशाच हिशेब न करणाऱ्यांनी टिकवलेले आहे. श्रीवर्धनला सुपारीचे संशोधन केंद्र आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, रत्नागिरीजवळ भाट्याला नारळाचे संशोधन चालते. त्या लोकांनी जाती काढल्या, नारळाच्या बागेत मसाल्याची पिके कशी घ्यायची ते बसवून दिले. पण रोप कितीही चांगले असले तरी ते मातीत घालायला सात वर्षांपलीकडे बघणारा माणूस लागतो, आणि तो रोपवाटिकेत तयार होत नाही.

शहाण्यांनी दिलेला पर्यायही नोंदवतो. तो अगदी साधा आहे: विका. समुद्राकाठची जमीन, मुंबई-पुण्याहून काही तासांवर, आता झाडेही नाहीत, म्हणजे जागा सपाट. दलाल वादळानंतर लगेच फिरू लागतात, आणि त्यांचा भाव पंचनाम्यातल्या भावापेक्षा कितीतरी पट असतो. ज्यांनी विकले त्यांना मी बोल लावणार नाही. कर्ज होते, मुलीचे शिक्षण होते, अंगात बळ उरले नव्हते. पण ज्याने विकले नाही आणि त्याच जागी रोप लावले, त्याच्यामुळे समुद्र आणि गाव यांच्यामध्ये झाडांचा एक पट्टा राहिला. माडा-पोफळींची दाटी वारा अडवते. ३ जूनला किनाऱ्यालगतच्या आगरांनी तो अंगावर घेतला आणि म्हणूनच मागच्या आळीतली घरे थोडी सावरली, असे गावातली जुनी माणसे सांगतात आणि मला ते पटते.

या मूर्खांना हार-तुरे नकोत. त्यांना दिवसा कामे असतात. हवे आहे ते असे. वाट मोकळी करणाऱ्या आणि आगर साफ करणाऱ्या हातांना पहिल्या दिवसापासून रोजगार हमीतून मजुरी मिळावी. या राज्याने १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबागा लावून दाखवल्या आहेत, तर पडलेल्या बागा उचलणे त्याला अशक्य नाही. घरमालकाने काढलेला फोटो आणि दोन शेजाऱ्यांची सही हा पुरेसा पुरावा मानावा, म्हणजे तांदूळ वाळवणारीला दंड बसणार नाही. बागेचा दुसरा पंचनामा दिवाळीनंतर व्हावा, शेंडे वाळून गळून पडल्यावर. मदत एकदाच न देता नवे झाड फळेपर्यंत दरवर्षी थोडी द्यावी, कारण नुकसान तेवढी वर्षे चालते. आणि वहिवाट कोणाची आहे हे गावाला ठाऊक असते. ग्रामसभेच्या ठरावावर त्या माणसाच्या खात्यात पैसे जावेत, बाकीच्या हिस्सेदारांचा मालकी हक्क आहे तसाच ठेवून.

शासन हे करील तेव्हा करील. एक गोष्ट मात्र तुमच्या हातात आहे. तुम्ही मुंबई, ठाणे, पुणे किंवा आणखी लांब राहत असाल, आणि गावच्या सातबाऱ्यावर तुमचे किंवा तुमच्या वडिलांचे नाव असेल, तर या मे महिन्यात गावी जाल तेव्हा मेलेल्यांच्या वारसनोंदी करून घ्या, आणि आगर राखणाऱ्या काकांच्या किंवा आत्याच्या नावे संमतीपत्रावर सही करून ते त्यांच्या हातात द्या. पावसाळ्याच्या आधी द्या.